मांगीलालजी दुकान बंद करायचे तेव्हा

मागच्या आठवड्यात एका वेब मालिकेच्या शूटिंगसाठी मला सियागंज बाजाराच्या मागच्या रस्त्यावर उभं केलं होतं. भूमिका एका वाक्याची. नायिकेची मावशी रस्ता ओलांडते आणि म्हणते, "मैं तो पहले ही कह रही थी." हल्ली मला अशाच भूमिका मिळतात. सकाळी चॅनेलवर बातम्या वाचायच्या आणि दुपारी कुणाची तरी मावशी, काकू नाहीतर शेजारीण व्हायचं. इंदूरमध्ये आताशा शूटिंग खूप होतात आणि माझा चेहरा म्हणे कुठल्याही घरात बसतो.

उजेडाचं काही जमत नव्हतं म्हणून सगळे थांबले होते. मी दुभाजकापाशी उभी राहून समोरच्या बाजूला दुकानं मोजत होते. पण मोजायचं कुठून, तेच कळेना. रस्ता इतका रुंद झाला आहे की जुन्या दुकानांची जागा आता थेट रस्त्याच्या आत आली आहे, तिथून टेम्पो जातात. दुभाजकात गुलाबी बोगनवेल लावली आहे. फुटपाथवर एकसारख्या लाल-करड्या फरशा. जुनं असं काही दिसत नव्हतं. वास मात्र तोच होता. सुक्या मिरचीचा, गोणपाटाचा, मधूनच हिंगाचा, आणि लोखंडी सामानाच्या दुकानांतून येणारा ग्रीसचा. डोळे मिटले तर मी पुन्हा तिशीच्या आतली होते, हातात चॅनेलचा माइक होता, आणि एक म्हातारा मला म्हणत होता, "बेटा, दो मिनट रुको."

त्या दिवसांत आमचं चॅनेल एका टाइल्सच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढताना खालून फरशी कापण्याचा आवाज यायचा आणि बुलेटिनच्या वेळी वरचा शिपाई धावत खाली जाऊन यंत्र बंद करायला सांगायचा. दहा मिनिटं खालचं काम थांबायचं, वर आमचं सुरू व्हायचं. स्टुडिओ म्हणजे निळा पडदा लावलेली एक खोली. दिव्यांनी तापलेल्या पडद्याचा वास, पॅनकेक मेकअपचा वास, आणि एसीतून टपकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेली बादली. वरून कोट, खाली सलवार आणि घरातल्या चपला घालून मी शहराला नमस्कार करायची.

हिंदीतला ज़ आणि ज वेगळा यावा म्हणून मी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता घोकायची. 'ज़मीन, बाज़ार, नाराज़.' आई खालून विचारायची, "कुणावर नाराज होऊन राहिलीस गं?" आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला गेले की तिथे वसंतकाका माझ्याकडून ळ वदवून घ्यायचे. आमच्या पिढीच्या इंदुरी मराठीतून ळ हळूहळू चाललाच होता. मी 'शाला' म्हणायची, 'वेल झाली' म्हणायची. काका डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "वेल कुंपणावर चढते. तुझी काय झाली?"

वसंतकाका आमच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक. निवृत्त शिक्षक. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या संस्थानी नोकरी झालेली, आणि आमचं घर महूचं, आजोबा फौजेत हवालदार. आमच्या घरची मराठी वेगळी, त्यांची वेगळी, पण काकांनी दोन्हींची कधी तुलना केली नाही. ते फक्त ळ मागायचे, आणि वेळेवर येणं. तालीम व्हायची एका मराठी शाळेच्या वर्गात, शाळा सुटल्यावर. फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार, बाकांवर कर्कटकानं कोरलेली नावं, हवेत खडूची भुकटी. हिवाळ्यात कुणीतरी गराडू, म्हणजे इकडचा कंद, तळून आणायचं. कागदाच्या पुडीतून मसाल्याचा आणि लिंबाचा वास सुटला की तालीम आपोआप थांबायची. बोटं चाटत आम्ही संवाद म्हणायचो आणि काका ओरडायचे, "आधी गिळा!"

त्या वर्षी काकांनी स्वतःच लिहिलेलं नाटक बसवायला घेतलं होतं. एक म्हातारी नर्स निवृत्त होते आणि सरकारी क्वार्टर रिकामं करते, एवढीच गोष्ट. मोठी भूमिका मला दिली. शेवटच्या प्रवेशात ती एकटीच असते. सामान गेलेलं आहे, रिकाम्या खोलीत ती उभी आहे, आणि तिला एक लांब स्वगत आहे. ते स्वगत मला तोंडपाठ होतं. एक अक्षर चुकत नव्हतं. तरी रोज संध्याकाळी ते संपलं की काका खिडकीबाहेर बघत बसायचे.

एकदा ते म्हणाले, "तू बातमी वाचतेस गं. तिचं घर सुटलं, ही बातमी तू मला फार छान दिलीस. पण ते सुटताना मला दिसलं नाही."

मला राग आला होता. कारण चॅनेलवर नेमकं उलटं ऐकायला मिळायचं. आमचे वृत्तसंपादक त्रिवेदीजी म्हणायचे, "मॅडम, आप एक्टिंग मत करो, खबर पढ़ो." मी घरी येऊन आईला म्हणायची, "दोन्हीकडे मी चुकीच्याच ठिकाणची आहे." आई माझ्यापुढे ताट ठेवायची आणि म्हणायची, "आधी जेव."

नाट्यस्पर्धेला तीन आठवडे होते, तेव्हा एका सकाळी त्रिवेदीजींनी मला त्या रस्त्यावर पाठवलं. रस्ता रुंद व्हायचा होता, दुकानांची एक रांग जायची होती. सूचना आधीच मिळालेल्या, तरी शेवटच्या सकाळपर्यंत कुणाचा विश्वास बसत नाही तसं झालेलं. कॅमेऱ्यावर सलीमभाई होते. ते माझ्याहून वयानं मोठे, फार कमी बोलणारे. आम्ही पोचलो तेव्हा लोक पत्रे, कपाटं, खुर्च्या बाहेर काढत होते. एक बाई रस्त्यात बसून मोठ्यानं रडत होती. कुणी पालिकेच्या पथकाशी भांडत होतं. रांगेच्या त्या टोकाला पाडकामाचं यंत्र उभं होतं, अजून सुरू न झालेलं.

आणि या टोकाला एक लहानसं दुकान होतं, अगदी शांत. तराजू आणि वजनं दुरुस्त करणाऱ्याचं. सामान गेलेलं. नुसते रिकामे लाकडी खण आणि भिंतीवर तराजू टांगायच्या खुंट्या. आत पितळेचा आणि रॉकेलचा वास भरून राहिला होता. पांढरं धोतर, वर कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ उंबऱ्यावर उभे होते. नाव मांगीलालजी. सियागंजच्या कितीतरी पेढ्यांवरचे तराजूचे काटे त्यांच्या हातून सरळ झालेले, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी फक्त माइक पुढे केला आणि आमच्या धंद्यात जो प्रश्न विचारतात तोच विचारला, "बाबूजी, आपको कैसा लग रहा है?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न ऐकू आला नसेल असं वाटलं. मग म्हणाले, "बेटा, दो मिनट रुको. झाड़ू लगा लूँ."

आत जाऊन त्यांनी तांब्यातलं पाणी जमिनीवर शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून. कोट काढून खुंटीला लावला. मग वाकून, मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत सगळं दुकान झाडलं. खणांखालून, कोपऱ्यांतून. कचरा एका पुठ्ठ्यावर घेतला. बाहेर येऊन इकडेतिकडे बघितलं आणि समोरच्या चहावाल्याला विचारलं, "भिया, ये सूखे में जाएगा ना?" आणि सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात तो नीट ओतला. परत आत गेले. कोट घातला. रिकाम्या खणांवरून एकदा फडकं फिरवलं. हात जोडले. शटर ओढलं, खाली बसून कुलूप लावलं, आणि उठल्यावर ते कुलूप दोनदा ओढून बघितलं. चार पावलं गेले. परत आले. तिसऱ्यांदा ओढलं.

मग चहाच्या टपरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं यंत्र त्या दुकानापर्यंत आलं.

"अब पूछो बेटा," ते मला म्हणाले. मी माइक बंद करून खाली घेतला. त्यांनीच विचारलं, "कब दिखाएँगे?"

"आज शाम को, बाबूजी. सात बजे."

सलीमभाईंनी सगळं घेतलं होतं. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "आज कुछ मिला."

ऑफिसात मी त्यातले चाळीस सेकंद कापून काढले, आवाजाशिवाय. त्रिवेदीजींनी उभ्याउभ्या बघितले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या मानगुटीवर घड्याळ बसलेलं असायचं. "ये आदमी तो झाड़ू लगा रहा है," ते म्हणाले. "इसमें खबर क्या है? रोता हुआ कोई नहीं मिला?" मी म्हटलं, मिळालं. सात वाजता बातमीत ती रडणारी बाई गेली. तिच्याविषयीचं निवेदन मीच वाचलं, ज़मीनचा ज़ अगदी बरोबर.

तिथून मी सरळ तालमीला गेले. शेवटचा प्रवेश आला. स्वगत सुरू करायच्या आधी मला काय झालं कोण जाणे, मी वर्गाच्या कोपऱ्यातला खराटा उचलला. पाणी शिंपडल्यासारखं केलं. पदर खोचून झाडू लागले. फळ्याखालून, बाकांखालून. कचरा वहीच्या पुठ्ठ्यावर घेतला. हात जोडले, दार ओढलं, नसलेलं कुलूप लावलं, दोनदा ओढलं, गेले, परत आले, तिसऱ्यांदा ओढलं. स्वगतातला एक शब्दही मी बोलले नव्हते.

कुणीतरी गराडूची पुडी उघडत होतं, तो कागदाचा आवाज थांबला. काका उठून खिडकीपाशी गेले. तिथूनच म्हणाले, "स्वगत काढून टाक." स्वतः लिहिलेलं पान त्यांनी दुमडून खिशात ठेवलं. मग मला विचारलं, "कुठून आणलंस हे?"

मी म्हटलं, "सुचलं."

एकच शब्द. तो तोंडातून गेला तेव्हा मला हलकाच वाटला होता. काकांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला मी इतकी वर्षं थांबले होते, आणि त्यात दुसऱ्या कुणाला वाटेकरी करावं असं त्या क्षणी मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर आठवलंसुद्धा नाही.

स्पर्धेच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. हिवाळ्यातले कोट, शाली, नॅप्थलीनचा वास, पहिल्या रांगेत बसून खोकणारी इंदूरची सगळी जुनी मराठी मंडळी. शेवटच्या प्रवेशात मी झाडायला वाकले आणि खोकला थांबला. तिसऱ्यांदा कुलूप ओढलं तेव्हा एका बाईचा हुंदका मला रंगमंचावर ऐकू आला. अभिनयाचं बक्षीस मिळालं. एका वार्ताहरानं विचारलं की ही कल्पना कोणाची, आणि मी पुन्हा तेच म्हटलं, फक्त जास्त सुंदर शब्दांत. काहीतरी स्त्रीच्या अंतर्मनाविषयी बोलले होते. ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आमच्या चॅनेलनं माझी बातमी लावली. त्रिवेदीजी खुशीत होते. "अपनी लड़की है भिया, दिखाओ आराम से." नाटकाच्या चित्रणातले चाळीस-एक सेकंद त्यांनी स्वतः निवडले. मी काचेच्या या बाजूला उभी होते. पडद्यावर मी रिकामी खोली झाडत होते, कुलूप ओढत होते. "क्या बात है," त्रिवेदीजी म्हणाले. "बिना बोले सब कह दिया."

सलीमभाई माझ्या शेजारी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फक्त एकदा, आणि कॅमेऱ्याची वायर गुंडाळू लागले. त्यांनी काही बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. बोलले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

रविवारी मी त्या रस्त्यावर गेले. रांग साफ झालेली, खडी पडलेली. चहाची टपरी समोरच्या बाजूला असल्यानं वाचली होती. चहावाला म्हणाला, "मांगीलालजी? वो तो उसी दिन काकी को लेके बेटी के यहाँ चले गए, हातोद."

इंदूरबाहेरच्या त्या हातोद गावच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा गहू, मध्येच हरभऱ्याचा आंबटसर वास. मांडीवर मिठाईचा डबा. मी मनात वाक्यं जुळवत होते, हिंदीत, ज़च्या नुक्त्यांसकट. मंडीपाशी उतरून विचारलं तर लोकांनी लगेच घर दाखवलं. "काँटेवाले बा'साब ना?" महिन्याभरात तिथेही त्यांना नाव पडलं होतं.

घर मातीचं नव्हतं, मोठंही नव्हतं. सिमेंटचं अंगण, तुळस, कडेला वाळत घातलेल्या मिरच्या. मांगीलालजी उन्हात बसून मंडीतल्या कुणाचा तरी तराजू सरळ करत होते. त्यांची बायको शेजारी मटार सोलत होती. लेक, गीता, चुलीपाशी होती. तिनं मला ओळखलं. "टीवी वाली दीदी!" पाणी आलं, पाट आला.

मी डबा ठेवला आणि जुळवलेलं सगळं विसरले. सरळ सांगितलं, "बाबूजी, मैंने आपका चुरा लिया. दुकान बंद करने का. नाटक में किया, इनाम मिला, और किसी को बताया नहीं."

त्यांनी तराजू खाली ठेवला. "देखा मैंने," ते म्हणाले. "गीता ने बुलाया, कि बापू, ये तो आप हो." मग म्हणाले, "पर बेटा, वो मेरा कहाँ था? मेरे बापू ऐसे बंद करते थे. मैं छोटा था, देखता था. मैंने भी उनसे कब पूछा?"

मला एकदम मोकळं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी काहीतरी आभाराचं बोलणार होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, अगदी साध्या सुरात, तक्रार नसल्यासारखं.

"वो मेरा वाला क्यों नहीं दिखाया?"

मी मिठाईच्या डब्याची दोरी उगाच सरळ केली.

"आपने कहा था सात बजे. हम सब बैठे थे. पड़ोस वाले भी आ गए थे. गीता के ससुर ने कुर्सी लगाई. इनको भी पहली बार टीवी के सामने बिठाया मैंने." त्यांनी बायकोकडे हात केला. "फिर खबरें खत्म हो गईं."

मी माफी मागायला इतक्या लांब आले होते, ती भलत्याच गोष्टीची. मला माझ्या बक्षिसाचं ओझं झालं होतं. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांच्या अंगणात एका संध्याकाळी माणसं जमली होती आणि उठून गेली होती, आणि गेल्यावर या माणसानं त्या खुर्च्या उचलून ठेवल्या असतील.

मी सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या कॅसेट शोधली, हे आत्ताच सांगते. आमच्याकडे त्या लहान कॅसेटवर पुन्हा पुन्हा चित्रण करायचे. त्या कॅसेटवर आता एका उद्घाटनाचं चित्रण होतं. नाटकाच्या गोष्टीतली दुरुस्ती मात्र करता आली. त्या संध्याकाळी वसंतकाकांना खरं सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "मग त्यांचं नाव पुढच्या प्रयोगाला सांगायचं. पडदा उघडायच्या आधी. तू सांगायचं." पुढचे अकरा प्रयोग मी ते सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी अंगणात माझ्याकडे त्यांना द्यायला काहीच नव्हतं. मी खाली मान घालून बसले होते. गीताची आई सोललेले मटार पातेल्यात टाकत होती, टप् टप् आवाज येत होता. तिनं विचारलं, "पण इननेने कर्यो कई थो?" यांनी असं केलं तरी काय होतं? नाटकाची बातमी लागली तेव्हा ती देवळात गेली होती. तिनं तीही बघितली नव्हती.

"करके बता दो," मांगीलालजी म्हणाले. लाजतच म्हणाले. "आपको तो आता है."

मी उठले. गीतानं झाडू दिला. तुळशीपासची मोकळी जागा दुकान धरली, ओसरीचं दार शटर. पाणी शिंपडलं. अंगात नसलेला कोट काढून नसलेल्या खुंटीला लावला.

"कोट बाद में," ते म्हणाले. "पहले टोपी."

त्या सकाळी त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. पण रोज असायची. मी टोपी काढली. झाडायला वाकले. "पल्ले की तरफ से," ते म्हणाले, "उधर तराजू लटकते थे, नीचे पीतल का चूरा गिरता था, वो अलग उठाना." मी पितळेचा चुरा वेगळा उचलला. त्यांनी सांगितलेल्या खणावर फडकं फिरवलं. हात जोडले. दार ओढलं, बसले, कुलूप लावलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. चार पावलं गेले, परत येऊन तिसऱ्यांदा ओढलं.

वळून बघितलं तर गीताची आई मटार सोलायची थांबली होती. लग्न होऊन आल्यापासून ती सियागंजच्या त्या दुकानात संध्याकाळी कधी गेली नव्हती. दुकान बंद करताना तिनं नवऱ्याला एकदाही पाहिलं नव्हतं. तिला फक्त घरातली ती वेळ माहीत होती, तवा तापलेला आणि माणूस अजून आलेला नाही ती.

"अच्छा," ती म्हणाली, हळूच, नवऱ्याकडे न बघता. "तो इका वास्ते रोज देर होती थी."

मांगीलालजी तराजूच्या काट्याशी उगाच काहीतरी करू लागले. गीता तोंडावर ओढणी धरून हसत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते.

मग म्हातारीनं मांडीवरचं पातेलं बाजूला ठेवलं, पाय पोटाशी घेऊन नीट सरसावून बसली आणि मला म्हणाली, "फेर से बता, बेटा. धीरे-धीरे."

मी झाडू पुन्हा हातात घेतला.